झुलता पूल, जागते गाव

(डोंगराळ भागातील पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



डोंगरात अंतर मैलांनी मोजून भागत नाही. ते चढउतारांनी आणि वाटेत आडव्या येणाऱ्या पाण्याने मोजावे लागते. समोरच्या उतारावरील गाव हाकेच्या अंतरावर दिसते, तेथील चुलीचा धूरही दिसतो. परंतु मधल्या दरीतून नदी वाहत असेल आणि तिच्यावर पूल नसेल, तर पावसाळ्यात तेच गाव परमुलखात गेल्यासारखे होते. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे आणि मध्ये पाणी, अशी स्थिती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पुलाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र पूल हवा असे म्हणणे आणि सुरक्षित पूल उभा करून तो पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राखणे, यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कसे ओलांडावे, याचा एक उत्तम वस्तुपाठ आपल्या शेजारच्या नेपाळ या देशाने घालून दिला आहे.

वाट एक, वाटसरू अनेक

पूर्वेस कांचनगंगेच्या पायथ्यापासून पश्चिमेस हुमला जिल्ह्यापर्यंत नेपाळच्या हिमालयातून जाणारा पदभ्रमणाचा महामार्ग आज ‘ग्रेट हिमालया ट्रेल’ या नावाने जगभर ओळखला जातो. त्याच्या उंचावरील मार्गाची लांबी सुमारे १,७०० किलोमीटर भरते. सगरमाथ्याकडे जाणारी वाट ही त्यातलीच सर्वांत प्रसिद्ध वाट होय. १९६४ मध्ये लुकला येथे धावपट्टी झाली, तोपर्यंत काठमांडूच्या बाजूने निघालेल्या प्रवाशाला डोंगरामागून डोंगर आणि नदीमागून नदी ओलांडत कित्येक दिवस चालावे लागे. आजही लुकल्याहून नामचे बाजारला जाताना दूधकोसी नदी वारंवार ओलांडावी लागते.

परदेशी पाहुण्याला ही वाट साहसाची वाटते. तेथील रहिवाशाला मात्र ती रोजच्या जगण्याची वाट आहे. ज्या पुलावरून गिर्यारोहक जातो, त्याच पुलावरून तांदूळ, मीठ आणि रॉकेलची ओझी पाठीवर घेतलेले भारवाहक जातात, खेचरांचे तांडे जातात, शाळेची मुले जातात आणि आजारी माणसाला डोलीत किंवा पाठीवर घेऊन त्याचे नातेवाईकही जातात. म्हणून तेथील पूल हा पर्यटनाचा अलंकार नव्हे, तर गावाचा राजरस्ता आहे. त्याची आखणीही त्याच दृष्टीने करावी लागते.

पूल नव्हते तेव्हा लोक नदी ओलांडत नव्हते असे नाही. ओंडक्यांचे कच्चे पूल पुरात वाहून जात आणि पूर ओसरल्यावर पुन्हा घातले जात. जेथे पात्र रुंद व प्रवाह तीव्र, तेथे ‘तुईन’ असे. तुईन म्हणजे दोन काठांवर ताणलेली एक तार. तिच्यावरील कप्पीला टांगलेल्या पाटावर किंवा टोपल्यात बसून, हाताने दोर ओढत माणसे पैलतीर गाठत. तार तुटून माणसे नदीत पडल्याच्या, कप्पीत सापडून बोटे तुटल्याच्या घटना घडत आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच तारेवरून मुले शाळेत जात. २०१५ नंतर नेपाळ सरकारने हे तुईन हटवून त्यांच्या जागी झुलते पूल बांधण्याची मोहीम हाती घेतली. गरज असेल तर माणूस धोका पत्करूनही नदी ओलांडतो. तेव्हा पूल न बांधल्याने धोका टळत नाही, तो केवळ सरकारी कागदावरून नाहीसा होतो, हा या कथेतील पहिला धडा होय.

स्कॉटलंडच्या लोखंडापासून बागलुंगच्या कारागिरांपर्यंत

नेपाळात आधुनिक झुलते पूल आले ते राणा राजवटीत. काठमांडू खोऱ्याच्या तोंडाशी चोभार येथे बागमती नदीवर असलेला पूल १९०३ सालचा असून त्याचे लोखंडी भाग स्कॉटलंडमधून आणलेले होते. परंतु असे आयात केलेले पूल मोजकेच असणार हे उघड आहे. १९६४ मध्ये शासनाने झुलत्या पुलांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि १९७२ पासून स्वित्झर्लंडचे तांत्रिक साहाय्य त्यास मिळू लागले. याच काळात एडमंड हिलरी यांच्या हिमालयन ट्रस्टने सोलुखुंबू भागात शाळा व दवाखान्यांबरोबर पूलही बांधले.

तरीही मागणी प्रचंड होती आणि काठमांडूत बसून प्रत्येक दरीचे काम करणे अशक्य होते. या अडचणीतून मार्ग निघाला तो गावातल्या कारागिरांकडे पाहिल्यामुळे. बागलुंग जिल्ह्यातील स्थानिक कारागीर साखळ्या व तारा वापरून आपल्या पद्धतीचे लोंबते पूल पूर्वीपासून बांधत आले होते. अभियंत्यांनी ही पद्धत अडाणी म्हणून झिडकारली नाही. तिच्यातील गुण हेरून गणिताच्या कसोटीवर तिला घासूनपुसून घेतले आणि प्रमाणित आराखडे तयार केले. १९८९ पासून स्थानिक पातळीवर पूल बांधण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. आज नेपाळातील अशा पादचारी पुलांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली आहे.

ताण, झोळ आणि काठ

या पुलांचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारात दोन्ही काठांवर उंच मनोरे असतात, त्यांवरून मुख्य दोर जातात आणि खाली पायवाट टांगलेली असते. दुसऱ्या प्रकारात मनोरे नसतात. पोलादी दोर थेट काठापासून काठापर्यंत ताणलेले असतात आणि त्या दोरांवरच पायवाट बसवलेली असते. हा दुसरा प्रकार स्वस्त व सोपा. दोन्ही काठ पुरेसे उंच असतील तेथे तोच निवडला जातो.

अशा पुलाच्या मध्यभागी झोळ दिसतो. प्रथमच पाहणाऱ्यास तो दोष वाटतो आणि दोर अधिक ताणून पूल सपाट का करत नाहीत, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर प्रत्येक पंचायत सदस्याने समजून घेण्यासारखे आहे. हा झोळ साधारणतः गाळ्याच्या विसाव्या हिश्शाइतका ठेवतात, म्हणजे ८० मीटर लांबीच्या पुलाला सुमारे ४ मीटर. तेवढा झोळ असताना पूल आणि त्यावरील माणसे यांचे जे एकूण वजन असेल, त्याच्या सुमारे अडीचपट ओढ दोन्ही काठांवर पडते. झोळ निम्मा केला तर हीच ओढ पाचपट होते. सपाट पूल डोळ्याला सुंदर दिसेल, पण दोर आणि काठ यांच्यावर दुप्पट भार टाकील. झोळ हा पुलाचा ढिलेपणा नसून त्याची शक्ती आहे.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. झुलत्या पुलाचा खरा आधार नदीवर नाही, काठावर आहे. दोर जखडून ठेवणारे काँक्रीटचे व दगडांचे ठोकळे जमिनीत गाडलेले असतात. त्यांचे वजन आणि त्यांच्याभोवतीची जमीन हीच पुलाची ताकद. म्हणून जागा निवडताना नदीची रुंदी पाहण्यापूर्वी काठाची जमीन पाहतात. उतार घसरणारा आहे का, वरून दरड येण्याची खूण दिसते का, बाजूचा ओढा पायाखालची माती नेईल का, नदी वळणावर काठ पोखरते आहे का, या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तरच मोजणीची फीत बाहेर काढावयाची. जवळचा पण पोखरलेला काठ सोडून, थोड्या वळशावरचा पण भक्कम खडक निवडणे हे शहाणपणाचे ठरते.

भाराचा विचारही असाच काटेकोर आहे. आखूड गाळ्याच्या पुलासाठी पायवाटेच्या दर चौरस मीटरला ४०० किलोग्रॅम एवढे वजन गृहीत धरतात, म्हणजेच माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तरी पूल टिकला पाहिजे. लांब पुलांना हे प्रमाण थोडे कमी धरले जाते, आणि १२० मीटरांहून लांब पुलांचे डोलणे आवरण्यासाठी दोन्ही बाजूंना वाऱ्याचे ताणदोरही लावावे लागतात.

पुराची उंची

जागेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंची. नेपाळातील नियमानुसार पुलाचा सर्वांत खालचा भाग आजवरच्या सर्वोच्च पुराच्या पातळीहून किमान ५ मीटर वर असावा लागतो. एवढी मोकळीक कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण डोंगरातला पूर नुसते पाणी आणत नाही. तो उन्मळलेली झाडे आणतो, धोंडे आणतो. पाण्याच्या वर राहिलेला पूल तरंगत आलेल्या एका झाडाच्या धक्क्याने जाऊ शकतो.

आणि ही सर्वोच्च पातळी कोण सांगणार? दुर्गम दरीत नदी मोजण्याचे केंद्र नसते. तेथे काठावरच्या दगडांवरील खुणा, झाडांना अडकलेला जुना गाळ-कचरा आणि गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांची स्मरणशक्ती हीच नोंदवही असते. सर्वेक्षणास आलेल्या अभियंत्याने घरोघरी जाऊन ‘पाणी कोठवर आले होते’ असे विचारणे हा तांत्रिक कामाचाच भाग आहे.

निसर्ग कधीकधी स्मरणशक्तीच्याही पलीकडे जातो. ४ ऑगस्ट १९८५ रोजी खुंबू भागात थामे गावाच्या वरच्या बाजूस असलेल्या दिग त्शो या हिमसरोवरात बर्फाचा कडा कोसळला. उसळलेल्या लाटेने सरोवराचा मातीदगडांचा नैसर्गिक बांध फोडला आणि भोटेकोसी व दूधकोसी यांच्या खोऱ्यांतून प्रचंड लोंढा गेला. पूर्ण होत आलेला छोटा जलविद्युत प्रकल्प नष्ट झाला, शेती गेली आणि १४ पूल वाहून गेले. सगरमाथ्याची वाट एका दिवसात तुटली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच थामे गावावर पुन्हा हिमसरोवराचा पूर आला. तापमान वाढत असता अशा सरोवरांचा धोका वाढतो आहे, हे लक्षात घेऊन आता पूल अधिक उंचावर बांधण्याकडे कल दिसतो. नामचेच्या चढाखाली, लार्जा दोभान येथील संगमाजवळ, जुना खालचा पूल आणि त्याच्यावर उंच हवेत झुलणारा नवा पूल असे दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. वाढत्या धोक्याबरोबर माणसाने आपली पायवाट किती वर नेली, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

गावाचा वाटा

नेपाळच्या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य तंत्रात नसून पद्धतीत आहे. पुलाची मागणी गावाने करावयाची. मग दोन्ही काठांवरील पूल वापरणाऱ्यांची मिळून एक उपभोक्ता समिती निवडली जाते. तीत स्त्रियांना आणि समाजातील वंचित घटकांना स्थान देणे आवश्यक असते. पोलादी दोर, लोखंडी भाग, सिमेंट यांसारखे बाहेरून आणावे लागणारे साहित्य आणि तांत्रिक मार्गदर्शन शासनाकडून मिळते. दगड, वाळू, खोदाई आणि वाहतूक यांत गावकऱ्यांचा श्रमाचा वाटा असतो.

वाहतूक हा शब्द येथे अपुरा आहे. गाडीरस्ता संपतो तेथून पुलाची जागा कधीकधी काही दिवसांच्या चालीवर असते. सिमेंटची पोती वाटून घेता येतात, पण मुख्य दोर तोडता येत नाही; तोडलेला दोर म्हणजे निकामी दोर. म्हणून अखंड दोर लांबच लांब पसरून, थोड्याथोड्या अंतरावर त्याची वेटोळी करून प्रत्येक माणूस एकेक वेटोळे खांद्यावर घेतो आणि अशी माणसांची रांग डोंगराच्या वळणांवरून एका तालात चालू लागते. एक थांबला की सारे थांबतात. ज्या दोराला गावातील प्रत्येक घराचा खांदा लागला आहे, त्या दोराची काळजी ते गाव घेणार नाही तर कोण घेणार?

यापेक्षाही अनुकरणीय आहे तो हिशेबाचा प्रकार. काम सुरू होण्यापूर्वी जाहीर सुनावणी होते; पूल कोणता, खर्च किती, कोणी काय द्यावयाचे हे सर्वांसमोर सांगितले जाते. काम चालू असताना जाहीर आढावा घेतला जातो. काम पुरे झाल्यावर जाहीर लेखापरीक्षण होते. किती रक्कम आली, किती पोती सिमेंट आले, कोणाला किती मजुरी मिळाली हे वाचून दाखवले जाते आणि गर्दीतील कोणासही उठून प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे ज्यास सामाजिक अंकेक्षण म्हणतात, तेच हे. पुलाच्या बाबतीत ही केवळ पैशाच्या प्रामाणिकपणाची बाब नाही. जेथे सिमेंट कमी पडले ते गावाला ठाऊक आहे, तेथे कमकुवत ठोकळा फार काळ लपून राहत नाही. हिशेब उघडा असणे हा सुरक्षिततेचाच एक भाग होय.

उद्घाटनानंतरचा पूल

पूल झाला, फीत कापली गेली, पाहुणे परतले. खरा प्रश्न येथून सुरू होतो. पोलादी दोर वापरात थोडे लांबतात व बारीक होतात, त्यामुळे त्यांच्या पकडी सैल पडतात आणि त्या पुन्हा आवळाव्या लागतात. या पकडी बसवतानाही एक नियम पाळावा लागतो. पकडीचा रुंद, खाचेचा भाग भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर आला पाहिजे. उलट बसवलेली पकड दिसावयास तशीच दिसते, पण ती भार घेणाऱ्या दोरालाच चेपून दुबळे करते. काठाजवळ, जेथे दोर ठोकळ्यात शिरतो, तेथे माती व पालापाचोळा साचून ओल धरली की दोर तेथेच गंजतो. पुलाच्या मध्यावर फुललेला दोर सर्वांना दिसतो. काठाच्या खळग्यातला गंज मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नेपाळात गावातीलच एका व्यक्तीला पुलाची राखण सोपवली जाते. बोल्ट आवळणे, चर मोकळे ठेवणे, जाळी दुरुस्त करणे, काठावरची झाडोऱ्याची वाढ काढणे ही तिची कामे. मोठी दुरुस्ती मात्र शासनाने करावयाची. २०१५ च्या नव्या राज्यघटनेनंतर तेथे ७५३ स्थानिक शासनसंस्था अस्तित्वात आल्या, आणि अशा पुलांची जबाबदारीही लोकांच्या अधिक जवळ आली.

या व्यवस्थेतही अपघात झालेले नाहीत असे नव्हे. डिसेंबर २००७ मध्ये सुर्खेत जिल्ह्यात भेरी नदीवरील झुलता पूल यात्रेच्या गर्दीखाली कोसळून अनेकांचे प्राण गेले. पूल वाहतुकीसाठी असतो, मेळ्यासाठी नव्हे. गर्दीच्या दिवशी दोन्ही टोकांना माणूस उभा करून टप्प्याटप्प्याने लोक सोडणे, हे त्या दिवसापुरते तरी गावाचे पहिले कर्तव्य ठरते.

आपल्या दारातील प्रश्न

हे सारे दूरच्या हिमालयातले असे समजून सोडून देता येणार नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमध्ये मोरबी येथे मच्छू नदीवरील जुना झुलता पूल कोसळून १३५ जण मृत्युमुखी पडले. दुरुस्तीनंतर तो अवघ्या चार दिवसांपूर्वी लोकांसाठी खुला करण्यात आला होता. चौकशी पथकाच्या प्राथमिक अहवालात असे आढळले की, मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या. पायवाट नवी झाली, रंग नवा झाला, दोर मात्र जुनाच राहिला. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक सूचना देतो, गर्दी अडवत नाही.

आपल्या कोकणातील साकव हा शब्द किती जुना आणि किती जिव्हाळ्याचा आहे! पऱ्ह्यावर पोफळीचे किंवा इतर लाकडाचे सोट टाकून गावाने एकत्र येऊन साकव घालावयाचा, ही परंपरा कोकणाला नवी नाही. आता लाकडाच्या जागी काँक्रीटचे साकव आले, ही प्रगतीच होय. परंतु लाकडी साकव दरवर्षी घालावा लागे, म्हणून तो दरवर्षी पाहिलाही जाई. काँक्रीटचा साकव कायमचा मानला गेला आणि पाहणे थांबले, असे होता कामा नये. शेजारच्या कर्नाटकात सुळ्य येथील अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये पयस्विनी नदीवर अरंबूर येथे पहिला झुलता पूल बांधला आणि पुढे शंभराहून अधिक दुर्गम गावांना असे पूल मिळवून दिले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. म्हणजे हे तंत्र पश्चिम घाटातही रुजू शकते, याचा पुरावा हाताशी आहे.

येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला या कामात आपापले स्थान आहे. पंचायत सदस्यांनी पुलाची मागणी करताना त्याच ठरावात त्याच्या राखणदाराचे नाव व त्याचे मानधन कोठून द्यावयाचे हेही नमूद करावे. अधिकाऱ्यांनी आराखडा मंजूर करण्यापूर्वी पुराच्या पातळीबाबत ग्रामस्थांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे आणि कामाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. दर वर्षी दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, दोर, बोल्ट, काठ आणि चर यांची पाहणी होऊन तिची नोंद एका वहीत राहावी. यात्रा, सण आणि सुट्टीचे दिवस यांसाठी पुलावरील माणसांची संख्या आधीच ठरवून ठेवावी. आणि शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक दिवस त्या पुलापाशी न्यावे, झोळ का ठेवतात हे दोरीच्या तुकड्याने करून दाखवावे. ज्या मुलाला आपल्या पुलाचे गणित कळले, तो मोठेपणी गंजलेली तार पाहून मुकाट्याने पुढे जाणार नाही.

नदी आपले काम अखंड करीत असते. काठ पोखरणे, धोंडे वाहून नेणे, कच्चे ते काढून टाकणे हा तिचा स्वभाव आहे. तिच्या शेजारी सुरक्षित राहावयाचे असेल, तर गावालाही आपले काम तितक्याच सातत्याने करावे लागेल. पुलाला लागणारे लोखंड बाहेरून आणता येते, त्याची राखण मात्र गावातच निर्माण व्हावी लागते. ती ज्या गावात निर्माण होईल, त्या गावाची मुले भर पावसातही पैलतीरीच्या शाळेत पोहोचतील आणि संध्याकाळी सुखरूप घरी परततील.